आखडलेलं पातं

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. लाल कवच, त्यावर ओरखडे, आणि पोटात बारा अवजारं. त्यांपैकी अकरांचा मला आता तिटकारा आला आहे. बाराव्याचं नाव काढलं तरी माझं सगळं पोलाद गार पडतं. पण सांगितल्याशिवाय सुटका नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्टीतून माझी पाती कापली, लाल होईस्तोवर तापवली, तेलात बुडवली, घासून घासून चमकवली. मग एका बाईने कात्री, चिमटा, कानस, पेचकस, बुचं काढायचं मळसूत्र असं एकेक माझ्या पोटात बसवलं. शेवटी तिने मोठं पातं उघडून पाहिलं. खट्ट! काय तो आवाज होता! जगात जे जे बिघडतं ते दुरुस्त करायलाच आपण निघालोय, असं मला पेटीत बसल्या बसल्या वाटू लागलं. एवढा गर्व कुठल्या अवजाराला परवडत नाही, पण मला कोण सांगणार?

पेटी उघडली ती हेडलीच्या दुकानात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरणाऱ्या बोटी जिथे धक्क्याला लागतात, तिथून चार पावलांवर हे दुकान. गळ, दोर, रबरी बूट आणि रंगाचे डबे यांच्या गर्दीत मी काचेखाली पडून होतो. एके दिवशी वेना आली. सतरा वर्षांची, केसांत मीठ, पायांत बापाचे बूट. बापाच्या बोटीवर तिचा पहिला हंगाम नुकताच संपला होता.

"हेडली, रोज खिशात ठेवायला एक छोटा चाकू दाखव ना. छोटा हं! बसले की मांडीला टोचायला नको."

म्हाताऱ्या हेडलीने दोन चाकू काचेवर ठेवले. एक मी. दुसरा पिवळ्या मुठीचा, जाडाभरडा, एकाच दातेरी पात्याचा.

"हा पिवळा घे. अंगठ्याने ढकलला की उघडतो. हातमोजा असला तरी."

"ई! रस्ते खोदणाऱ्याचा वाटतो हा. आणि हा लाल?"

"त्याला सगळं येतं. पण उघडायला दोन हात लागतात आणि एक धड नख."

"दोन्ही आहे माझ्याकडे!" वेनाने निळा रंग उडालेली नखं त्याच्या नाकासमोर नाचवली.

"डेकवर वापरणार आहेस का, पोरी?"

"छे! डेकवर बाबाची सुरी आहे की."

तिचं काहीच चुकलं नव्हतं, मित्रांनो. खिशासाठी तिने मला निवडलं आणि खिशासाठी माझ्यासारखा दुसरा नव्हता. हे मी तिच्या बाजूने पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकायला कुणी नसतं.

तिचा बाप क्लेम बाहेर गाडीत वाट बघत बसला होता. त्याने मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "हे काय? न्हाव्याची पेटी?"

"बाबा, यात चिमटा आहे, कात्री आहे, कानस आहे..."

"चहा करतो का?"

"तू ना, जळतोयस नुसता!"

मग सुरू झाले माझे सुखाचे दिवस. वेनाच्या टाचेत घुसलेले समुद्री साळूचे काटे मी काढले. कुत्र्याच्या ओठात अडकलेला गळ मी सोडवला. वेनाच्या आईच्या, थेल्माच्या, चष्म्याचा स्क्रू तर मी महिन्याला आवळायचो. एकदा भर समुद्रात बोटीचा रेडिओ बंद पडला. माझ्या छोट्या पेचकसाने वेनाने त्याचं झाकण उघडलं, सुटलेली तार जोडली, आणि रेडिओ खरखरला. क्लेमने मान हलवली. "हुशार आहे हं तुझा न्हावी!" त्यानंतर तो मला लाल्या म्हणू लागला. नखं साफ करायला मला मागून न्यायचा आणि स्वतःच्याच खिशात टाकून विसरायचा. त्याच्या खिशात तंबाखूचा भुगा असे आणि पेपरमिंटच्या गोळ्या. मला ती जागा आवडायची.

फक्त दोर मी कधी कापला नाही. ते काम सुरीचं. ‘थेल्मा मे’ या त्यांच्या बोटीवर कठड्याजवळ एका लाकडी म्यानात ती असायची. रुंद पात्याची, काळ्या मुठीची. क्लेमचा दंडकच होता: ती दोरासाठी, पावासाठी नाही, लिंबासाठी नाही, आणि म्यानातून कुणी हलवायची नाही. शेवंडींचा पिंजरा पाण्यात लोटला की त्याचा दोर डेकवरून सळसळत धावतो. त्या दोराच्या वेटोळ्यात पाय गेला, तर विचार करायला वेळ नसतो. हात मारला की सुरी हातात आलीच पाहिजे.

सुरी होती म्हणून माझं मोठं पातं रिकामंच राहिलं. कात्रीला रोज काम, चिमट्याला रोज काम, पात्याला मात्र कधीतरी एखादं सफरचंद. वर्षं गेली. खारं पाणी बिजागरीत झिरपलं, वाळू अडकली, तंबाखूचा भुगा बसला. पातं आखडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकीचा मी झकास चालत होतो. वरून कौतुक व्हावं आणि आतून गंज चढावा, असं झालं माझं.

त्या हंगामाचे शेवटचे दिवस होते. मे महिना, म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड, पाण्यात हात घातला तर हाड दुखावं असा गारठा. एक मोठी लाट आडवी आली, आमिषाची जड पेटी घसरली आणि थेट म्यानावर आदळली. म्यान फुटलं. सुरी उडाली ती समुद्रात.

"जाऊ दे," वेना म्हणाली. "उद्या हेडलीकडून नवी आणते."

क्लेमने असं पाहिलं जणू पोरीने बोट जाळायची गोष्ट काढली. त्यांच्या घरात एक रीत होती. नवं पातं बोटीवर न्यायचं तर हंगामाआधी. किनाऱ्यावर सगळ्यांनी जमायचं, त्याने पहिला मासा कापायचा, मगच ते बोटीवर चढायचं. हंगाम चालू असताना आणलेलं कोरं पातं घरच्याच माणसाचं रक्त मागतं, असं क्लेमचा बाप सांगायचा.

"तुझ्या आजोबांचं बोट कसं गेलं, ठाऊक आहे ना?"

"दाराच्या फटीत सापडून गेलं, बाबा. आजीनेच सांगितलंय."

"तुझी आजी काहीही सांगायची."

"मग दोर कशाने कापायचा? दातांनी?"

"हा आहे की लाल्या! हा कोरा थोडाच आहे? बोटीला ओळखतो, आपल्याला ओळखतो. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मित्रांनो, मला छाती असती तर फुगून कवच फुटलं असतं! मला दोराचं काम मिळालं! मला सुरीची जागा मिळाली! आज आठवलं की वाटतं, त्याच क्षणी मला कुणी पाण्यात फेकून दिलं असतं तर किती बरं झालं असतं.

वेनाने पातं ओढून पाहिलं. "आखडलंय रे हे."

"घरी गेल्यावर तेल घाल."

घरी गेल्यावर थेल्माने मेंढीची तंगडी भाजली होती. शेजारी आले, हसणं-खिदळणं झालं, क्लेमने हंगामाच्या थापा मारल्या. तेलाची बाटली मोरीतल्या फळीवर होती. मी वेनाच्या खिशात होतो. आमच्यामध्ये एक भिंत होती, तेवढीच.

सकाळी धक्का सोडल्यावर क्लेम म्हणाला, "वेना, आज सुकाणू तू धर. पुढच्या हंगामापासून तांडेल तू. मी आपला मागे आमिष कापत बसेन."

"खरंच? बाबा, खरंच?" तिने असा चीत्कार केला की कठड्यावरचे समुद्रपक्षी उडाले. "मग मी म्हणेन तेव्हाच चहा!"

"जी, तांडेल."

तो डेकवर गेला. पिंजऱ्यामागून पिंजरा पाण्यात जाऊ लागला. मग बोट कलली, तोल सावरायला त्याने एक पाऊल मागे टाकलं, आणि धावत्या दोराचं वेटोळं त्याच्या घोट्यावर आवळलं गेलं. दोराने त्याला फरफटत कठड्यापर्यंत नेलं. पाय बाहेर, अंग आत. दोन्ही हातांनी त्याने लोखंडी खांबाला मिठी मारली.

"वेना!"

तिने इंजिन थांबवलं आणि धावली. खाली पिंजरा जड, बोट लाटेवर वर चढत होती, दोर ताठ होऊन थरथरत होता.

"काप!"

तिने मला बाहेर काढलं. ओला हातमोजा दातांनी ओढून काढला. बोटं बधिर, त्यांवर आमिषाचा चिकटा. नख खाचेत लावलं, निसटलं. पुन्हा लावलं, निसटलं. झटापटीत कात्री उघडली. ती ढकलून बसवली तर मळसूत्र बाहेर आलं. मी आतून आकांत करत होतो, पण चाकूला स्वतःचा जोर नसतो, मित्रांनो. जोर माणसाचा, आणि तो माझ्यापर्यंत पोचतच नव्हता.

"घाई कर गं, बाळा," क्लेम म्हणाला. ओरडला नाही. हळूच म्हणाला.

"करतेय बाबा, करतेय, धरून राहा तू, धरून राहा!"

तिचं नख मुळापासून मोडलं. पातं अर्धं उघडलं. तेवढ्यात लाटेने बोट आणखी वर उचलली, दोराला हिसका बसला आणि खांबाभोवतीचे हात सुटले.

मग पातं पुरतं उघडलं.

दोराचं दुसरं टोक अजून बोटीवर होतं. तिने ते पिंजरे ओढायच्या रहाटावर चढवलं आणि बाबाला वर ओढून घेतलं. त्याची छाती दाबत राहिली, रेडिओवर ओरडत राहिली, पुन्हा छाती दाबत राहिली. आजूबाजूच्या बोटी धावून आल्या. मी डेकवर उघडा पडलो होतो. मला मिटायचं कुणाला सुचलं नाही.

क्लेमला पुरलं त्या दिवशी सगळं गाव आलं. जो तो वेनाला म्हणत होता, "अगं, तुझा काय दोष?" हेडली मात्र एक शब्दही बोलला नाही. टोपी हातात घेऊन खाली बघत उभा राहिला. इतरांचं बोलणं वेना विसरली असेल. हेडलीचं न बोलणं तिच्या कानांत अजून आहे.

‘थेल्मा मे’ धक्क्याला बांधून ठेवली आहे. तिच्या तळाला शेवाळ आलं. नवा हंगाम आला, वेना गेली नाही. मला टाकूनही दिलं नाही. तिने बसून मला उघडलं, दाताच्या ब्रशने साफ केलं, बिजागरीत थेंब थेंब तेल सोडलं. किती वर्षं मी त्या थेंबाची वाट पाहिली होती! आता तो अंगावर आला तर मला रडू आलं.

मित्रांनो, खिशात रोज जे बाळगता, ते फक्त दिसण्यावर घेऊ नका. ज्या हातांनी ते वेळेला वापरायचं, त्याच ओल्या, गारठलेल्या हातांनी आधी उघडून पाहा. जे रोज लागत नाही त्यालाही तेल घाला, त्याला तर आधी घाला. आणि ज्याला जे काम येत नाही, ते त्याला मायेपोटी देऊ नका, कितीही जुना असला तरी, कितीही आपला असला तरी. माझ्याकडून झालं ते झालं. तुमच्या घरी तरी होऊ नये.

दुपारी थेल्मा चहा टाकते तेव्हा वेना मोरीत बसलेली असते. बादलीत गार पाणी, त्यात बर्फ. ती हात बोटं निळी पडेपर्यंत बुडवून ठेवते, मग मला उचलते.

"वेना, चहा गार होतोय," थेल्मा दारातून म्हणते.

"आले."

"पुरे गं आता. कुणासाठी करतेस हे?"

"अजून एकदा, आई."

मोडलेलं नख वाढलं आहे, पण वाकडं. ते खाचेत बसतं आणि मी पहिल्याच झटक्याला उघडतो. ती माझ्याकडे बघत राहते. मग मला मिटते आणि हात पुन्हा पाण्यात घालते.