धाकटीच्या नवऱ्याची पडताळणी

माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, आरसासुद्धा उजेड बघून बोलतो. पण काटा कधी खोटं बोलत नाही. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. निरोपसमारंभात त्याच खात्याने मला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं, ही गोष्ट वेगळी. त्यालाही काटेच आहेत, असं बायको म्हणते.

तर माझ्या धाकट्या बहिणीने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका परदेशी माणसाशी लग्न केलं, तेव्हा सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि मी विचारलं की मालाची पडताळणी कोणी केली?

धाकटी दंतवैद्यांना कवळ्या करून देते. तिची कार्यशाळा तिसऱ्या मजल्यावर. एक दिवस लिफ्ट मध्येच अडकली आणि आत धाकटी, हातात अकरा कवळ्यांचा डबा. दुरुस्तीला आलेला लिफ्टवाला सव्वा तास दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत राहिला. चार महिन्यांनी दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. अंधारात अकरा कवळ्या मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या प्रेमात कोणी आपखुशीने पडेल, हे मला पटेना. त्यातून त्याचा कामाचा परवाना त्याच वर्षी संपत होता. दुकानदार स्वतःहून वजनं पुढे करू लागला की निरीक्षकाने त्या वजनांचं बूड बघायचं असतं.

मग सुरू झाला कायम वास्तव्याचा अर्ज. अर्जात धाकटीचा उल्लेख ‘प्रायोजक’ असा होता, जणू तिने लग्न केलं नव्हतं, एखादा चषक ठेवला होता. कचेरीत दोघांना दोन खोल्यांत बसवून तेच चाळीस प्रश्न विचारले. धाकटीने आठवडाभर आधी त्याच्याकडून उत्तरं घोटून घेतली होती. साच्यात ओतून दात काढावेत तशी उत्तरं निघाली, चाळीसच्या चाळीस, शब्दाला शब्द. अधिकारी बाई म्हणाल्या, इतकं कुणाचंच जुळत नाही. फाइल अडकली. दोन महिन्यांत कधीही घरी येऊन पाहणी करू, आणि जवळच्या नातेवाइकाची सही असलेला जबाबही लागेल, असं सांगून त्यांनी दोघांना परत पाठवलं. त्या बाईंबद्दल, न बघताच, माझ्या मनात आदर निर्माण झाला.

जवळचा नातेवाईक म्हणजे मीच. राहतोही धाकटीच्याच इमारतीत, तिच्या घराच्या एक मजला खाली.

धाकटी कागद घेऊन आली. परवाना नाकारला तर त्याला महिन्याभरात देश सोडावा लागणार होता, आणि तो गेला तर तीही जाणार होती. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. म्हणजे माझ्यापुढे दोनच पारडी होती. एका पारड्यात सही करायची, मग त्याने परवाना खिशात घालून हिला सोडून जायचं. दुसऱ्या पारड्यात सही करायची नाही आणि हिनेच जायचं. एकुलती एक बहीण दोन्हीकडून हातची जात होती.

“तपासल्याशिवाय मी चौतीस वर्षांत कशावरही शिक्का मारलेला नाही,” मी म्हणालो.

“मग तपास. पण त्याला घाबरवू नकोस, दादा. तो आधीच तुला टरकून असतो.”

टरकून का असतो, हा माझ्या नव्या वहीतला पहिला प्रश्न.

आमच्या धंद्यात अचानक भेटीला पर्याय नाही. मी कधी पक्कड मागायला वर जाई, कधी पक्कड परत करायला, कधी नुसतंच नळाला पाणी आहे का विचारायला. वेळ बदलून जाई. लिफ्टवाला दार उघडून अदबीने बाजूला होई आणि म्हणे, “या दादा, बसा.” इतकी अदब आमच्या सख्ख्या जावयाने मला कधी दाखवलेली नाही. लिहून ठेवलं.

पण काटा तपासायला प्रमाण वजन लागतं. खरं लग्न किती भरतं हे ठाऊक असल्याशिवाय खोटं किती कमी भरतंय हे कसं कळणार? प्रमाण म्हणून मी घरचंच लग्न घेतलं. छत्तीस वर्षांचं, कोणी शंका घेतलेली नाही. कचेरीतल्या चाळीसपैकी वीस प्रश्न धाकटीकडून उतरवून घेतले आणि बायकोला समोर बसवलं. तिने माझ्याबद्दलची वीसच्या वीस उत्तरं भाजी निवडता निवडता दिली. मग माझी पाळी. तिच्या ब्रशाचा रंग? आठवेना. तिला कुठल्या औषधाने पित्त उठतं? तिला पित्त उठतं हेच मला नवीन होतं. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण? मी एक नाव सांगितलं. ती बाई जाऊन सात वर्षं झाली होती.

वीसपैकी पाच.

“तुम्हाला तर मी केव्हाच विमानात बसवून दिलं असतं,” बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

प्रश्नपत्रिका सदोष आहे, अशी नोंद करून मी पुढे गेलो.

एकतिसावी भेट मंगळवारी सकाळी सव्वाआठला होती. मी आत पाऊल टाकतो तोच दाराची बेल वाजली आणि अधिकारी बाई स्वतः हजर. धाकटीच्या हातातला चमचा खाली पडला. मी सहज आल्यासारखा दिसावा म्हणून लगबगीने सोफ्यावर बसलो. धाकटीचा सोफा कायमच टोचतो.

बाईंनी न्हाणीघर पाहिलं, कपाट पाहिलं, उशा पाहिल्या. लिफ्टवाल्याचं लक्ष मात्र त्यांच्याकडे नव्हतंच. तो माझ्याकडे बघत होता. दोन पावलं माझ्या दिशेने येई, तोंड उघडी, मिटी आणि मागे जाई. एकदा खुर्चीला धडकला. बाईंनी फाइलमधला त्याचा फोटो काढून चेहऱ्याशी दोनदा ताडून पाहिला. काहीतरी फरक आहे, हे मलाही जाणवलं. काय ते सांगता येईना. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो पुरावा आज समोर येणार होता, आणि तो येऊ नये असं मला का वाटत होतं, कोण जाणे.

“हे तुम्हाला एवढे का घाबरतात?” बाईंनी मला विचारलं.

मी म्हणालो, पहिल्या पानावर मलाही तोच प्रश्न पडलेला आहे. मग वहीचा विषय निघालाच. जबाबाचा कागद त्यांनी हातात घेतला. कोरा. सही का नाही, असं विचारलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. लहानपणी तिची बाहुली मी तपासायला म्हणून उसवली होती, तेव्हा बघितलं होतं तसं.

“अजून खात्री नाही,” मी खरं ते सांगितलं आणि वही पुढे केली.

बाई वाचू लागल्या. आधी मनात, मग मोठ्याने.

“‘तीन तारीख. ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून वाद. या आठवड्यातला तिसरा. ठरवून केलेला असावा. नऊ तारीख. तो उशिरा येणार म्हणून हिने दोन्ही ताटं झाकून ठेवली. विचारलं तर भूक नाही म्हणाली. खोटं. वीस तारीख. अबोला. तरी त्याने हिच्या भेगाळलेल्या टाचेला मलम लावलं, न बोलता. हिने पाय मागे घेतला नाही. संशयास्पद. बावीस तारीख. अबोला सुटला. भांडण कशावरून होतं ते दोघांनाही सांगता आलं नाही.’” त्यांनी मान वर केली. “हे तुम्ही यांच्या विरुद्ध लिहिलंय?”

“मी बाजूने-विरुद्ध लिहीत नाही. नोंद करतो.”

“बारा वर्षं मी बनावट लग्नं बघतेय,” बाई म्हणाल्या. “तिथे टॉवेलावरून कोणी भांडत नाही. सगळे फार गोड वागतात.”

त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. मी वही परत घेऊन उगाच चाळली. तीस भेटींत एकदाही माप कमी भरलेलं नव्हतं. दोन-चारदा जास्तच भरलं होतं, आणि जास्त मापाला आमच्या खात्यात दंड नाही. मी सही केली.

मग पाहणीच्या कागदावर लिफ्टवाल्याची सही हवी होती. त्याने कागद हातभर लांब धरला, मग नाकाला लावला, आणि जिथे बाईंचं नाव छापलेलं होतं बरोबर तिथे सही ठोकली. शेवटच्या क्षणी माणसाचं बिंग फुटतं ते असं, या विचाराने मी डोळे मिटले. बाई एवढंच म्हणाल्या, “आनंदात होतं असं,” आणि दुसरा कागद काढून त्याचं बोट योग्य जागी टेकवलं. खाली त्यांनी आमच्यादेखत शेरा मारला: विवाह खरा, परवान्याची शिफारस. पत्र पंधरवड्यात येईल, असं सांगून त्या निघून गेल्या.

धाकटी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने नाक शिंकरू लागली. मला भरून आलं. बसल्या जागेवरूनच मी लिफ्टवाल्याचा हात धरला आणि म्हणालो की आजवर मी हजारो वजनांवर शिक्के मारले, पण इतक्या समाधानाने एकावरही नाही. आजपासून हे घर तुमचं, ही माणसं तुमची, काय हवं ते हक्काने मागा.

त्याचे डोळे बारीक झाले होते, ओलेही असावेत.

“दादा,” तो म्हणाला, “मग जरा उठता का? मघापासून तुम्ही माझ्या चष्म्यावर बसला आहात.”