पणजोबांचं विरजण

मोन्सनं वाडगा ओठांपर्यंत नेला आणि घोट न घेता तसाच खाली आणला. पुन्हा नाकाशी धरला. संत्र्याच्या सालीचा वास. त्यामागून हलकासा धुराचा, आणि अगदी तळाशी ओल्या लोकरीसारखं काहीतरी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं हा वास ओळखला असता. वास त्याच्या स्वतःच्या घरचा होता आणि बियर होती आस्लाकची.

"काय रे, माशी पडलीय का?" टेबलाच्या टोकाकडून आस्लाकनं विचारलं.

"जानेवारीत कसली माशी?"

"मग पी की बाबा. मागं रांग लागलीय."

सगळे हसले. मोन्सनं घोट घेतला. चवही तीच. आता शंकेला जागाच उरली नाही.

वर्षाच्या पहिल्या दुपारी खोऱ्याच्या वरच्या अंगाची पाच घरं एका घरी जमायची. ज्याच्याकडे बैठक, त्याच्या नाताळच्या बियरचं पिंप उघडायचं. दोन कानांचा लाकडी वाडगा हातोहात फिरायचा आणि ज्याच्या हाती येईल त्यानं उभं राहून सांगायचं, यंदा कोणती बियर घालणार, कुणासाठी आणि कधी. बारशाची, लग्नाची, गवतकापणीची. बोलला तो बांधला. बेत मोडला की पुढच्या वर्षी तोंड दाखवायची सोय नाही, आणि मधले टोमणे वेगळेच.

आस्लाकची बियर हा तर चेष्टेचा हक्काचा विषय. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस, मोन्सच्या छातीचं ऑपरेशन झालं त्याच वर्षी थोरला भाऊ वारल्यावर घर सांभाळायला परत आला. भाऊ एककल्ली, कधी कुणाच्या उंबऱ्याला चढला नाही आणि कुणाला घोटभर पाजली नाही. आस्लाक मोकळा, पण त्याची बियर पिवळी, पाणचट, ना वास ना जोम. दुकानातल्या पुडीतलं यीस्ट वापरतो, असं तो स्वतःच सांगायचा. "समुद्रावरचा माणूस, त्याला पाण्याचीच सवय," असं मोन्स म्हणाला होता, आणि 'पुडीवाला' हे नावही त्यानंच ठेवलं होतं. ते असं चिकटलं, की पोरंसोरंसुद्धा तेच म्हणायची.

कारण या खोऱ्यात पुडी आणत नाहीत. इथं विरजण असतं. बियर आंबली की तिच्या तळाचा साका लाकडी कड्यावर माखायचा, कडं माळ्यावर वाळवायचं, आणि पुढच्या खेपेला त्यातलाच खपलीभर तुकडा छाती फोडून आरोळी ठोकत टाकायचा; आरोळी मोठी, तर बियर जोमदार. आजोबांकडून नातवाकडे असंच येतं. कुणाचं विरजण मेलंच, तर स्वच्छ फडक्यात आपल्या घरची पोळी-भाकरी बांधून शेजाऱ्याकडे जायचं आणि त्याच फडक्यात तुकडा घेऊन यायचं. नाही कुणी म्हणत नाही. आणि देणारा मागणाऱ्याचं नाव कधी तोंडाबाहेर काढत नाही.

मोन्सच्या घराण्यानं दिलं पुष्कळांना. मागितलं कधीच नव्हतं. हे तो दर नववर्षाला एकदा तरी ऐकवायचाच.

वाडगा हातात घेऊन तो उभा राहिला. "जूनमध्ये आमच्या नातीचं, मारितचं लग्न आहे. लग्नाची बियर मी घालणार. पणजोबांच्या विरजणानं. ईस्टरला पोरगी बर्गेनहून येऊन माझ्याकडून शिकणार आहे, आणि लग्नानंतर कडं तिच्या घरी जाईल."

सगळ्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. मोन्स मात्र बोलताना आस्लाककडेच बघत होता. आस्लाकची मान खाली होती. चोराची असते तशी, मोन्सच्या मनात आलं.

वाडगा फिरत फिरत यजमानाकडे आला.

"मी यंदा काही घालणार नाही," आस्लाक म्हणाला. "एप्रिलमध्ये पोरीकडे राहायला जातोय. घराला कुलूप. ही शेवटची."

या वेळी कुणाची मूठ टेबलावर आपटली नाही. मोन्स मनातल्या मनात उसळला. चोरायचं, जाता जाता एकदा मिरवायचं आणि पसार व्हायचं! वा रे वा! तो तोंड उघडणार एवढ्यात त्याच्या बायकोनं, सिनेवानं, त्याच्या बाहीला धरलं.

"चल, मेंढ्यांचं बघायचंय."

मेंढ्यांचं सकाळीच बघून झालं होतं.

बर्फातून घराकडे येताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कशी वाटली आज पुडीवाल्याची?"

"बरी होती."

"बरी? अगं, वास नाही आला तुला?"

"सर्दी झालीय मला."

सकाळपासून एकदाही शिंकली नव्हती बाई. आणि वाडगा तिच्याकडे आला तेव्हा तिनं नुसते ओठ टेकवून तो पुढं सरकवला होता, हेही त्याला आता आठवलं.

घरी पोचताच अंगावरचा कोट न काढता तो शिडीनं माळ्यावर चढला. उंदरांच्या भीतीनं पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं कडं बाहेर काढून त्यानं खिडकीशी धरलं. पातळसा तपकिरी थर सगळीकडे सारखा. नाताळला त्यानंच तुकडा काढला होता तेवढीच जागा उघडी. म्हणजे आत्ताचं नाही. आधी कधीतरी गेलंय. तो बर्गेनच्या इस्पितळात छाती उघडून पडला होता, तेव्हा! तेव्हा घरी कोण होतं? सिनेवा.

खाली ती कॉफी करत होती.

"तू दिलंस त्याला," तो म्हणाला.

"काय दिलं?"

"वेड पांघरू नकोस. विरजण! मी तिकडं मरणाच्या दारात, आणि इकडं तू माझ्या पणजोबांचं विरजण त्या पुडीवाल्याला वाटलंस. मागायला आला असेल, तर मला सांगायला काय झालं होतं?"

सिनेवानं किटली खाली ठेवली. "मी त्याला काहीही दिलेलं नाही."

"शपथ घे."

"मारितची शपथ. या घरातून त्या घरात चिमूटभरसुद्धा गेलेलं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. पन्नास वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. पण तिची नजर किटलीवरून हलेना, आणि खरं बोलणाऱ्या माणसानं असं का करावं ते त्याला कळेना. बायकोवर संशय घेतल्याची लाजही वाटली आणि संशय काही जाईना. नातीला काय द्यायचं मग? जे पुडीवाल्याच्या पिंपातही आहे, ते? रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी तो बूट चढवायला लागला, तेव्हा सिनेवा तव्यावर बटाट्याच्या पोळ्या भाजत होती.

"आस्लाककडे ना?"

"त्याचं कडं बघणार आहे. समोर ठेव म्हणणार. बघू काय सोंग आणतो."

तिनं गरम पोळ्यांना लोणी लावलं, साखर भुरभुरवली, घड्या घातल्या आणि निळ्या काठाच्या पांढऱ्या फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या.

"भांडायला चाललोय मी, सिनेवा. पाहुणचाराला नाही."

"असू दे. रिकाम्या हातानं जाऊ नये."

आस्लाकच्या स्वयंपाकघरात खोकी भरायला सुरुवात झाली होती. मोन्सनं पोळ्यांची पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच विषयाला हात घातला.

"कालची बियर कशानं घातलीस?"

"यीस्टनं."

"पुडीतल्या?"

आस्लाक एका खोक्याला दोरी बांधायला लागला.

"मला तुझं कडं बघायचंय."

"राहू दे ना, मोन्स. चांगली झाली होती, प्यायलास, झालं. बस, कॉफी घे."

"कॉफी गेली खड्ड्यात! कडं आण. नाहीतर मी पाचही घरांत सांगणार, आस्लाक चोर आहे म्हणून."

आस्लाकची नजर टेबलावरच्या पुरचुंडीकडे गेली आणि तिथंच थांबली. त्यानं पुढं होऊन फडक्याचा निळा काठ दोन बोटांत धरला, हळूच सोडला आणि आतल्या खोलीत गेला.

त्यानं आणलेलं कडं मोन्सच्या मनगटाहून जाड होतं. लाकूड दिसतच नव्हतं. थरावर थर, थरावर थर, आतले काळे, बाहेरचे तपकिरी, जुन्या झाडाच्या सालीसारखे. एका जागी थर उडाले होते, तिथं खाली आस्लाकच्या आजोबांची खूण कोरलेली दिसत होती. बाजूला एक मोठी खाच होती. कुणालातरी भरपूर तुकडा काढून दिल्याची, आणि वर पुन्हा थर न चढल्याची.

मोन्सनं ते नाकाशी धरलं.

संत्र्याची साल. धूर. ओली लोकर.

हे असं एका पिढीत होत नाही. चोरलेल्या तुकड्यातून तर नाहीच नाही. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

इस्पितळातून घरी आला, तेव्हा त्याचं कडं हाडासारखं पांढरं होतं. माळा गळला, सगळीकडे बुरशी चढली, म्हणून घासून उकळून काढलं, असं सिनेवा म्हणाली होती. विरजण मात्र आधीच फडक्यावर वाळवून ठेवलं होतं म्हणे. त्यानं विश्वास ठेवला. औषधांनी तोंडाची चव गेलेली. वर्षभरानं ती परतली आणि घरची बियर पहिल्यापेक्षाही झकास लागली. हृदय दुरुस्त झालं तशी जीभही झाली, असं त्यानं इथंच, याच लोकांत, छाती ठोकून सांगितलं होतं. तेव्हा आस्लाकही हसला होता सगळ्यांबरोबर.

"तुझ्याकडे हे होतं," मोन्स म्हणाला. "हे असलं घरात असताना आम्हांला इतकी वर्षं ते पाणी का पाजलंस?"

"तुझं नाक फार चांगलं आहे, मोन्स."

खिडकीबाहेर छपरावरून बर्फाची लादी घसरून पडली.

"मी तुला पुडीवाला म्हणायचो."

"म्हणायचास. दमदार नाव होतं." आस्लाकनं कॉफी ओतली. "आधी वाटलं, विरजण बदललंय हे वर्षभरात तुला कळेल, मग बिनघोर आपली घालू. तुला कळलं नाही. मग तू मारितला कडं द्यायचं बोलायला लागलास. पण यंदा नाही राहवलं. आपल्या घरातून उठायचं, तर एकदा आपल्या घरची पिऊन उठावं. म्हटलं कळलं तर कळलं. चुकलं माझं."

"कोण आलं होतं मागायला?"

"ते विचारायचं नसतं. तुला ठाऊक आहे."

मोन्सनं विचारलं होतं खरं, पण उत्तर समोरच होतं, सिनेवाच्या निळ्या काठाच्या फडक्यात. त्यानं पुरचुंडी सोडली. पोळ्या एकेक करून बशीत काढल्या, फडकं झटकलं आणि टेबलावर नीट पसरलं. मग तो उभा राहिला, कारण हे बसून बोलायचं नसतं.

"आस्लाक, मला विरजण हवंय."

"तुझ्याकडे आहे की."

"आहे. पण मी मागितलं नव्हतं."

आस्लाकनं डोळे मिटल्यासारखे केले. मग सुरी घेऊन तो खाचेच्या दुसऱ्या बाजूनं तुकडा काढायला लागला. थर कोरडे होते, कटकन तुटत होते.

"मोठा काढ," मोन्स म्हणाला. "लग्न आहे."

"सगळंच ने ना. माझी पोर बियर दुकानातून आणते. हे जगलं, तर तुझ्याच घरी जगायचंय."

"आज तुकडाच. कडं तू जाशील तेव्हा." मोन्सनं फडक्याची गाठ मारली. "ईस्टरपर्यंत जाऊ नकोस. तुझ्या पोरीला सांग, काम आहे. विरजण टाकताना आरोळी तू ठोकायची. जूनमध्येही तूच. माझ्या छातीत आता तेवढा दम नाही."

"आणि पणजोबांचं काय? पाच घरांसमोर बोलून बसलायस."

"मागणाऱ्याचं नाव घेत नाहीत," मोन्स म्हणाला. "देणाऱ्याचं घ्यायला कुणाची बंदी आहे? मारितला सांगेन मी. लग्नातही सांगेन, सगळ्यांसमोर."

"पुडीवाला म्हणूनच सांग. नाहीतर कुणाला कळायचं नाही."

मोन्सला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळेही भरून आले. तो तसाच बाहेर पडला. टोपी टेबलावरच राहिली.

सिनेवा दारातच उभी होती. बराच वेळ उभी असावी, तिच्या खांद्यांवर बर्फ साचला होता. त्यानं फडकं तिच्या हातात दिलं. तिनं ते हातानंच तोललं, वरून चाचपलं, आणि गाठ सोडली नाही.

"मागितलंस?"

"मागितलं."

तिनं एक लांब श्वास सोडला. मग फडकं छातीशी धरून ती आत वळली.

"पोळ्या खाल्ल्या का रे त्यानं?"