पुडीवाल्या अण्णांचं पथ्य

मिस्त्रीची बायको दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात चाळणीवर कामाला होती. प्रत्येक पोत्यातली मापभर पावडर काढायची, बारीक जाळीतून चाळायची, जाळीवर काही उरले तर भिंगाखाली धरायचे आणि वहीत लिहायचे, असे ते काम. त्या दिवशी तिने चाळीस पोती परत पाठवली, कारण त्यांच्यावर तारखेचा शिक्का उमटला नव्हता.

"अहो बाई, पावडर तीच, यंत्र तेच. शिक्का तेवढा नाही," सुपरवायझर काकुळतीला आला.

"तीच कशावरून? पोतं बोलतं का?"

"तुमच्यापुढे पोतंही बोलायला घाबरेल," तो म्हणाला आणि पोती परत गेली.

संध्याकाळी घरी येऊन तिने हात धुतले, वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी उघडली, आतली तपकिरी पूड मधात कालवली आणि नवऱ्याच्या जिभेवर ठेवली. पुडीवर नाव नव्हते, वजन नव्हते, तारीख नव्हती. क्रिकेटचा अर्धा धावफलक तेवढा होता.

नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला फरशा लावताना परांचीचा दोर सुटला आणि तो दुसऱ्या मजल्यावरून वाळूच्या ढिगावर पडला. वाळू होती म्हणून वाचला, असे लोक म्हणाले. ढिगात फावडे होते, हे कोणी म्हणत नाही. मणक्यात स्क्रू बसले. वॉकर धरून चालता येऊ लागले, पण कमरेपासून घोट्यापर्यंत आत कोणीतरी तापलेली सळई फिरवते आहे, हे दुखणे काही गेले नाही.

डॉक्टर म्हणाले होते, "दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. गोळ्या, व्यायाम आणि धीर. निम्म्यावर आणू."

खरे बोलणाऱ्या डॉक्टरची पंचाईत अशी, की त्याच्याकडे पुन्हा जावेसे कोणालाच वाटत नाही. मिस्त्रीने व्यायाम दोन महिने केला. मग चौथ्या वर्षी आईने अण्णांचे नाव काढले.

अण्णा पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त कारकून. तीस वर्षे लोकांच्या तक्रारी 'बघतो' म्हणून ठेवून घेतल्या आणि निवृत्तीनंतर ते लोकांची दुखणी बघू लागले. विद्या मेहुण्याकडून मिळाली होती. मेहुण्याला ती कोणाकडून मिळाली, हे विचारणे उद्धटपणाचे होते. औषध निळ्या प्लास्टिकच्या पिंपातून ट्रकने येई. कुठून येते, हे अण्णांनाही नीट सांगता येत नसे, पण "शुद्ध झाडपाला, गुण आला नाही तरी अपाय नाही" हे ते छातीठोकपणे सांगत. धोतराही झाडपालाच आहे, हे त्यांना ऐकवावे असे कोणाला वाटले नाही. कारण अण्णा पैसे घेत नसत. पैसे घेऊन चुकतो त्याला आपण कोर्टात खेचतो. फुकट मारतो त्याच्या पाया पडतो.

त्यांचे पथ्य तीन गोष्टींचे होते. आंबट बंद, थंड बंद आणि डॉक्टरला सांगणे बंद. "पुडीची गोष्ट दवाखान्यात गेली की गुण गेला म्हणून समजा." पहिली दोन पथ्ये फारशी कोणी पाळली नाहीत. तिसरे मात्र झाडून सगळ्यांनी पाळले.

आणि गुण आला! हे कबूल केलेच पाहिजे. तिसऱ्या दिवशी मिस्त्री रात्रभर झोपला. आठवड्याने वॉकर टाकून कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात गेला. महिन्याभरात त्याची भूक खवळली, गाल वर आले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला.

"अंगी लागलं हो औषध!" शेजारीण म्हणाली.

"दृष्ट लागेल, बघू नका असं," आई म्हणाली आणि अण्णांचा फोटो मिळाला तर भिंतीवर लावायचा, असे तिने मनाशी ठरवून टाकले.

गाल फुगले तरी मांड्या काटक्या होत होत्या, कपाट नुसते हाताला लागले तरी काळानिळा डाग पडत होता, दिवसाकाठी चार तांबे पाणी लागत होते. पण माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा असतो ना! मध्ये एकदा पिंप उशिरा आले आणि चार दिवस पुडी चुकली. मिस्त्री गळून पडला, दुखणे दुपटीने उसळले. घराने निष्कर्ष काढला: बंद केले की त्रास होतो, म्हणजे औषध खरे. दारूच्या गुत्त्यावर हाच निष्कर्ष रोज निघतो, फक्त तिथे तो कोणी शास्त्र म्हणून सांगत नाही.

असे चौदा महिने गेले.

एका रविवारी दुपारी, धुवायला घरी आणलेली कारखान्याची जुनी चाळणी ओट्यावर वाळत होती. शेजारी आठवड्याच्या पुड्या होत्या. बायकोचा हात सवयीने गेला. तिने दोन पुड्या चाळल्या. तपकिरी पूड खाली गेली आणि जाळीवर पांढरे चार कण उरले. त्यातला एक मसुराच्या डाळीएवढा होता. एक कड गुळगुळीत गोल, आणि मधोमध सरळ खाच. गोळी अर्धी मोडायला असते तशी.

"आई, हे बघा. कुठल्या झाडाला गोळ्या लागतात?"

"मुळीचा तुकडा असेल."

"मुळीला खाच पाडून कोण देतं?"

"तुझं कारखान्याचं डोकं घरात आणू नकोस हं, सूनबाई. तिथे पोती परत पाठवतेस, इथे माणसाचं सुख परत पाठवशील."

ती नवऱ्याकडे गेली. तो खिडकीत बसून दाढी करत होता. तिच्या तळहातावरचा कण त्याने बराच वेळ पाहिला. त्याला समजले होते. बांधकामावरचा माणूस, भेसळ त्याला शिकवायची गरज नव्हती.

"असेल गोळी," तो म्हणाला. "मग?"

"मग काय? कसली आहे, किती आहे, काय माहीत?"

"चार वर्षं मी पालथा पडून भिंतीचे पोपडे मोजलेत. तू कामाला गेलीस की उशी तोंडात धरून ओरडायचो, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. आता तुझ्याबरोबर बसून जेवतो. तुझ्या चाळणीतून माझं दुखणं चाळून काढ बघू, उद्यापासून पुडी सोडतो."

तिने कण कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी मध काढला. चाळीस पोत्यांना न भिणारी बाई एका माणसाच्या सुखाला भ्यायली. तिला दोष देणे सोपे आहे. तिच्या जागी बसून बघावे.

दीड महिन्याने मिस्त्रीला शिंक आली.

एवढेच झाले. खुर्चीवर बसल्या बसल्या शिंक आली, पाठीत सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि पाय त्याचे राहिले नाहीत.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे विचारून घेतले. पडल्याचे, ऑपरेशनचे, लघवीचे. शेवटी विचारले, "आणखी काही औषध घेतात का? काढा, चूर्ण, पुडी, काहीही?"

"नाही," आई म्हणाली.

"अजिबात नाही," धाकटा भाऊ म्हणाला.

मिस्त्री डोळे मिटून म्हणाला, "नाही."

आता उरली बायको. ती काहीच बोलली नाही, आणि कागदावर त्याचेही 'नाही'च झाले.

दवाखान्यात पुडी नव्हती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब तळाला गेला, मिस्त्री बायकोला ताई म्हणू लागला. डॉक्टर धावपळ करत होते, जंतू शोधत होते, सलाइनवर सलाइन चढवत होते. रक्तदाब काही उचलत नव्हता.

त्याच वेळी अण्णा भेटायला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात केळी. व्हरांड्यात त्यांनी तिघांना बाजूला घेतले.

"सांगितलं तर नाहीत ना?"

"छे छे," भाऊ म्हणाला.

"शाबास. माझं काय, मी म्हातारा. पण साठ घरांचं औषध चालू आहे. चौकशी लागली तर त्या गरिबांनी कुठे जायचं? आणि आता सांगून मिस्त्रीचा मणका जुळणार आहे का?"

बायको म्हणाली, "अण्णा, पुडीत काय असतं?"

"सांगितलं ना, झाडपाला."

"गोळी होती त्यात."

अण्णा दचकले नाहीत. हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिले. ते फक्त हळू आवाजात म्हणाले, "अगं, वरून येतं तसं मी देतो. मी कशाला उघडून बघू?"

"वहिनी, आत्ता नको," भाऊ तिचा दंड धरू लागला. "लोक काय म्हणतील? आपणच खोटं बोललो असं होईल."

"आपणच बोललो, भाऊजी."

आई आडवी आली. "सून म्हणून सांगते, घरचं बाहेर काढशील तर मला तोंड दाखवू नकोस."

"नाही दाखवणार. पण त्यांचं तोंड मला बघायचंय. सरका."

ती वॉर्डात गेली. पर्समधला कागद डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात उघडला. "पंधरा महिन्यांहून जास्त झालं. रोज एक पुडी. तीन दिवस बंद आहे. मी पहिल्या दिवशी बोलले नाही."

डॉक्टरीणबाईंनी तो कण पाहिला, मिस्त्रीचा गोल चेहरा पाहिला आणि रागाने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "स्टिरॉइड! सिस्टर, इंजेक्शन आणा, लवकर!" मग तिच्याकडे वळून भराभर म्हणाल्या, "हे औषध शरीर स्वतः थोडं थोडं बनवतं. बाहेरून महिनोन्महिने ओतलं की बनवणं विसरतं. एकदम तोडलं की असा जीव जातो. आणि हाडं आतून पोकळ होतात, म्हणून शिंकेनं मणका बसला. पहिल्या दिवशी कळलं असतं तर हे तीन दिवस टळले असते."

दुपारपर्यंत रक्तदाब वर आला. चारच्या सुमाराला मिस्त्रीने बायकोला तिच्या नावाने हाक मारली आणि पाणी मागितले. जीव वाचला. पाय वाचले नाहीत.

आई तिच्याशी महिनाभर बोलली नाही. मुलगा वाचला हे अण्णांच्या पुण्याईने, पाय गेले हे सुनेच्या तोंडाळपणाने, असा तिने हिशेब लावला होता.

बायको पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेली. टेबलामागच्या साहेबांनी पेन उघडले.

"त्यांनी पैसे घेतले?"

"नाही."

"बळजबरीनं दिलं?"

"नाही."

"काही लिहून दिलं?"

"नाही."

"मग फसवणूक कुठं झाली, बाई?"

"मांड्यांपासून खाली," ती म्हणाली. साहेबांच्या छापील अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. तिने कोऱ्या कागदावर लिहून दिले, पोच घेतली, आणि तिथूनच रविवारी सकाळी कुठे जायचे ते ठरवले.

अण्णांच्या ओट्यावर एकवीस माणसे होती. पाठीला पट्टा बांधलेली, कुबडी टेकलेली, एक्स-रेची पाकिटे मांडीवर घेतलेली. अण्णा तिला बघून उठले नाहीत. ती रांगेच्या बाजूला उभी राहिली आणि सगळे सांगितले. गाल, डाग, शिंक, पाय. काही वगळले नाही, स्वतःचे गप्प बसणेही नाही.

"कोणी घरी जाऊन पुडी एकदम तोडू नका," ती म्हणाली. "त्यानंही जीव जातो. आहे तशी पुडी घ्या आणि डॉक्टरला दाखवा. बाकी मला काही सांगायचं नाही."

लोकांनी शांतपणे ऐकले. दोघीतिघी चुकचुकल्या. मग पट्टा बांधलेला एक हमाल म्हणाला, "ताई, एक विचारू? वर्षभर दुखणं थांबलं होतं का त्यांचं?"

तिला खोटे बोलता आले असते. पण खोटे बोलून काय होते ते तिने पाहिले होते.

"हो," ती म्हणाली. "थांबलं होतं."

"मग अण्णा, मला द्या," हमाल म्हणाला. "मला उद्या पोती उचलायचीत."

त्याच्यावर रागवावे की त्याला रोज पोती उचलायला लावणाऱ्यांवर, हे तिला कळेना. अण्णांनी पुडी दिली. पूर्वीसारखीच, प्रेमाने, दोन्ही हातांनी. हमाल ती खिशात घालून ओट्याच्या कडेलाच पट्टा आवळत बसला.

"पुढचा," ते म्हणाले.

पुढे एक म्हातारी होती. तिचा चेहरा छान गोल होता. ती उठली, पण अण्णांकडे गेली नाही. कमरेची पुडी काढून मुठीत घट्ट धरत तिने विचारले, "त्या डॉक्टरीणबाई किती वाजता बसतात गं?"

"नऊला, रविवारीही. चला, मी येते बरोबर."

दोघी ओट्याच्या पायऱ्या हळूहळू उतरल्या. मागे रांग एका माणसाने पुढे सरकली आणि म्हातारीची जागा लगेच भरली. बायकोने वळून पाहिले, मोजले. वीस.

"अण्णा," ती पायरीवरून म्हणाली, "पुढच्या रविवारी मी रांग लागायच्या आधी, साडेसातलाच येते."