बिनखणाचं टेबल

सुताराने शेवटचा स्क्रू काढला आणि कारकुनाच्या टेबलाचा खण अलगद बाहेर ओढला.

"हलका आहे हो, साहेब!" तो हसला. "बाकीच्यांचे उचलताना माझी कंबर लचकली."

खोलीभर हशा पिकला. जिथे लोकांची कामं होतात अशा एकाही टेबलाला यापुढे खण ठेवायचा नाही, असा सरकारी आदेश आठवड्यापूर्वीच आला होता. शेजारच्या टेबलावर कारकुनाची मुलगी बसली होती. परीक्षा देऊन स्वतःच्या गुणांवर लागलेली. नोकरीचा चौथा दिवस. बापाचा खण हलका निघाला म्हणून पोरीचा चेहरा उजळला. कारकून मान खाली घालून कागद चाळत राहिला. खण त्याने कालच रिकामा केला होता.

तेवढ्यात हयातीच्या दाखल्यासाठी एक म्हातारी आली. निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून वर्षातून एकदा तिला आपण जिवंत असल्याचं इथे येऊन दाखवावं लागे. कारकुनाने घाईघाईने शिक्का मारून दाखला तिच्या हाती दिला. तिने तो पिशवीत ठेवला, टेबलाला वळसा घातला आणि दरवर्षीच्या सवयीने त्याच्या पोटाजवळ हात नेऊन मूठ उघडली. घडी घातलेली नोट थेट जमिनीवर पडली.

"अगं बाई! खण कुठं गेला?"

कुणी हसलं नाही.

"उचला ती, आजी. काही द्यावं लागत नाही," कारकून पुटपुटला.

"असं कसं? दुसऱ्या कुणी माझी पिशवी झाडून घेतली असती. तुम्ही देवमाणूस, थोडक्यात भागवता. देव तुमच्या लेकरांचं भलं करो!"

धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. तिने शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

मुलगी उठली. तिने वाकून नोट उचलली आणि म्हातारीच्या मुठीत परत ठेवली. मग आदेशाबरोबर आलेल्या गठ्ठ्यातून एक तक्रार-अर्ज काढला. बापाकडे तिने पाहिलं नाही.

"आजी, यावर लिहून द्या."

"मला कुठं लिहिता येतंय, पोरी? आणि लिहायचं तरी कुणाबद्दल?"

मुलीने पेन उघडलं, पण ते कागदावर टेकेना. कारकुनाने ते तिच्या बोटांतून हळूच काढून घेतलं आणि आपली खुर्ची म्हातारीकडे सरकवली.

"बसा, आजी," तो म्हणाला. "किती वर्षं येताय, तेवढं सांगा. बाकीचं मला ठाऊक आहे."