नव्वद पायऱ्यांची थाप

"सिस्टर, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचाच काय, जगात कुणाचाच विश्वास बसणार नाही," असं म्हणत मिस्त्रींनी पट्टा बांधून घ्यायला दंड पुढे केला. "माझासुद्धा बसत नाही. पण रोज घडतंय, त्याला मी काय करू?"

"हात सैल सोडा आणि तोंड बंद ठेवा," सिस्टर म्हणाली. "बोललात की आकडा चढतो."

"लोकांचा चढत असेल. माझा उतरतो."

दर गुरुवारी दुपारी ती रक्तदाब मोजायला यायची आणि दर गुरुवारी मिस्त्री तिला एक थाप लावायचे. थापा मारणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये माणूस अडकला की एकानं वरच्या खोलीत जाऊन चाक हातानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं दारापाशी उभं राहून आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवायचं. दारापाशी कायम मिस्त्रीच. आधी दारावर तीन टकटका, म्हणजे 'मी इथं आहे.' मग गोष्ट. 'पाच मिनिटांत काढतो' असं चुकूनही म्हणायचं नाही, कारण सहावं मिनिट लागलं की आतला माणूस हातपाय गाळतो. त्यापेक्षा सातव्या मजल्यावर घोडा कसा चढवला ते सांगावं. मागची दोन पावलं बाहेर, शेपूट दारात, लग्नाची वरात खाली खोळंबलेली. घोड्याचं पुढे काय झालं या नादात माणूस घाबरायचं विसरतो. एकदा या इमारतीतच एक नवी नवरी चाळीस मिनिटं अडकली होती. दार उघडल्यावर बाहेर यायचं सोडून ती म्हणाली, "पण घोडा उतरवला कसा?" ती त्यांची सून. लग्नाला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.

आणि आता मिस्त्री स्वतःच पाचव्या मजल्यावर अडकले होते.

वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. तोंड चार दिवसांत सरळ झालं. अशा माणसाचं तोंड कोण अडवणार! पण डावा पाय लाकडाचा झाला तो झालाच. तरी लिफ्ट होती, काठी टेकत खाली जाता यायचं. मग एके दिवशी लिफ्टमध्ये उभं असताना त्यांना वरून आवाज ऐकू आला. दाताखाली खडा यावा तसा बारीक. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. मिस्त्रींनी वर येऊन त्याच दिवशी इमारतीच्या सेक्रेटरीला सांगितलं, "दोर खलास झालाय. आजच बंद करा. कुणाचा तरी जीव जाईल." लिफ्ट बंद झाली. नवी कधी बसवायची यावर सभा भरत राहिल्या. त्याला आता आठ महिने झाले.

"आयुष्यात एकदाच खरं बोललो," मिस्त्री सगळ्यांना सांगत, "आणि जन्मठेप झाली."

खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची. तिच्यावर एक पाण्याचा पाइप होता आणि त्या पाइपाला अकरा पट्ट्या. सातवी पट्टी सैल होती. खालचं फाटक वाजलं की कोण आलं ते त्यांना कुरकुरीवरून कळायचं. याखेरीज दिवसभरात नवीन काही घडायचं नाही. मुलाची नोकरी परगावी, सून सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची. मध्ये उरायचे ते दोघं, मिस्त्री आणि खड्ड्या.

खड्ड्या हा कुत्रा. चार वर्षांपूर्वी एका गोदामाच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात तो पिल्लू असताना पडला होता. दोन दिवस अंधारात. मिस्त्रींनी वरून तीन टकटका मारल्या आणि त्यालाही घोड्याची गोष्ट सांगत सांगत खाली उतरून काढला. तेव्हापासून तो त्यांचा. मात्र अंधारात खाली जाणारं काहीही दिसलं की त्याचे पाय जमिनीला खिळायचे. पूर्वी लिफ्टनं न्यायचा तर मिस्त्री कडेवर घेत, झटक्यानंतर सून घ्यायची. लिफ्ट बंद झाली आणि त्याचंही खाली जाणं संपलं, कारण जिना बिनखिडकीचा. सतरा किलोचं धूड उचलून पाच मजले उतरणार कोण? सगळे विधी बाल्कनीत. सून ऑफिसला जायच्या आधी बाल्कनी धुवायची आणि आल्यावर परत धुवायची.

पाच आठवड्यांपूर्वी तिनं बादली खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "बाबा, माझ्या मैत्रिणीच्या भावाचं मोठं आवार आहे. तो घेऊन जाईल याला. महिन्याभरात त्याची सोय होईल म्हणाला."

"का? त्यानं काय केलं?"

"तो काय करतो ते मी रोज दोनदा धुते. मला काही हौस नाहीये हो. पण माझेही दोनच हात आहेत. तो खाली जात असता तर मी अवाक्षर काढलं नसतं."

"जातो की! रोज जातो. मलासुद्धा नेतो."

"कधी?"

"तू ऑफिसात असतेस तेव्हा."

"मग बाल्कनी?"

"ती... सवय आहे गं त्याची."

सुनेनं बादली उचलली आणि ती बाल्कनीकडे गेली. पुढे दोनेक आठवड्यांनी कपडे धुताना विचारलं, "आणि तुमचा पायजमा मागून इतका कशानं मळतो?"

"खुर्ची धुळकट आहे."

"खुर्ची मी रोज पुसते, बाबा."

तो विषय तिथंच राहिला. आता आवारवाला येत्या रविवारी येणार होता. आज गुरुवार, आणि सिस्टरच्याही कानावर हे आलं होतं.

"एकशे छप्पन," सिस्टरनं आकडा वाचला. "वाढलंय. गोळ्या घेताय ना?"

"गोळ्यांचा काय संबंध? कुत्रा बाल्कनीत कोंडलाय. त्याला आत घ्या आणि मग मोजा."

सिस्टरनं हसत दार उघडलं. खड्ड्या आत आला, दोनदा गोल फिरला आणि मिस्त्रींच्या डाव्या पावलावर हनुवटी टेकून पडला. ज्या पावलाला काही कळत नव्हतं, नेमकं त्यावरच. मिस्त्री मात्र शपथेवर सांगत की तेवढाच भाग त्यांना उबदार लागतो. पाच-सात मिनिटं कुणी बोललं नाही. मिस्त्रींच्या घरात हेही नवलच. सिस्टरनं पुन्हा पट्टा बांधला.

"एकशे अडतीस."

"बघा! लिहा आता. कुत्रा, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर."

"काका, पहिल्यांदा तुम्ही बडबडत होता, आता गप्प बसलात. म्हणूनही उतरलं असेल."

"मग गप्प कुणी बसवलं? तुम्हाला वर्षभरात जमलं का?"

सिस्टरला हसू आवरेना. "आमच्या फॉर्ममध्ये कुत्र्याचा रकानाच नाही."

"मग व्यायामाच्या रकान्यात लिहा. तेच तर सांगत होतो. हा मला रोज खाली नेतो. अहो, नव्वद पायऱ्या! बाही दातात धरतो. प्रत्येक वळणावर आडवा बसतो आणि माझा श्वास खाली बसेपर्यंत हलू देत नाही. मनगटाला नाक लावून नाडी बघतो. शंभरच्या वर असली तर गुरगुरतो. खाली फाटकाशी गेलो की दोन वेळा भुंकतो आणि परत वर. मागच्या मंगळवारी एक पायरी मी चुकवली, तर मला पुन्हा पहिल्यापासून उतरायला लावलं."

सिस्टरनं पेनाचं टोपण काढलं. मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले.

"लिहिते," ती म्हणाली. "'कुत्र्यासोबत जिना उतरतात. कुत्रा जवळ असणं रुग्णासाठी आवश्यक.' सूनबाईंना दाखवा. पण काका, मी डोळ्यांनी पाहिलेलंच लिहिते. चला, दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच."

पस्तीस वर्षांत मिस्त्रींनी शेकडो माणसं सोडवली होती. स्वतःच रचलेल्या थापेत असे कधी अडकले नव्हते. काठी घेतली, दार उघडलं. खाली अंधारात पायऱ्या जात होत्या. खड्ड्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. चारही पाय फाकलेले, अंगाला बारीक कंप, शेपूट पोटाखाली.

"हा नेतो तुम्हाला?" सिस्टर म्हणाली.

 मिस्त्रींनी काठी भिंतीला टेकवली, कठडा धरला आणि वरच्या पायरीवर खाली बसले. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढच्या पायरीवर ठेवला, मग स्वतः घसरून एक पायरी खाली आले. भिंतीवर तीन टकटका मारल्या.

"तर काय झालं, खड्ड्याशेठ," ते मागे न बघता बोलू लागले. आवाज पार बदलला होता. दारापलीकडच्या माणसाशी बोलायचा तो आवाज. "घोडा म्हणाला, मी उलटा उतरणार नाही. मी म्हटलं, नको उतरू, आपल्याला घाई नाही..."

मागे नखं वाजली. एक पंजा. दुसरा. कुत्रा वरच्या पायरीवर आला आणि त्यानं नाक मिस्त्रींच्या मानेत खुपसलं. त्याचा कंप त्यांच्या खांद्याला जाणवत होता. तो थांबेपर्यंत मिस्त्री थांबले. मग पाय उचलून पुढे, घसरण, तीन टकटका.

सिस्टर फाइल छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. दुसरी पायरी, तिसरी. पाचव्या पायरीवर मिस्त्रींना धाप लागली, कपाळावर घाम आला. कुत्र्यानं पुढे पाऊल टाकलं नाही, मागेही घेतलं नाही. सहावी. नवव्या पायरीनंतर जिना वळत होता. सून ऑफिसात असताना रोज चालणाऱ्या या सरावात वळणावर पोचायला त्यांना पहिल्यांदा तीन आठवडे लागले होते. त्याच्या पुढे दोघांपैकी कुणीच अजून गेलं नव्हतं. वळणाखाली दिवाही नव्हता.

ते वळणावर बसले. खड्ड्या त्यांच्या मांडीवर अर्धा चढून हाफत होता.

"आणि खाली सगळी वरात वाट बघत होती," मिस्त्री त्याच्या कानात म्हणाले. "बँड थांबलेला. आता आपण उतरलो की..."

खालच्या अंधारातून भिंतीवर तीन टकटका आल्या.

कुत्र्याचे कान उभे राहिले. मिस्त्रींनी वाकून खाली पाहिलं. वरच्या उघड्या दारातून येणाऱ्या अंधुक उजेडात, पाच पायऱ्या खाली, हातात भाजीची पिशवी घेऊन सून उभी होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली असावी. किती वेळ उभी होती, कोण जाणे. तिनं मिस्त्रींच्या घामाकडे पाहिलं, लाकडासारख्या पायाकडे पाहिलं, पायऱ्यांवरच्या पुसल्या गेलेल्या धुळीकडे पाहिलं. मग पिशवी पायरीवर ठेवून तिनं दोन्ही हातांची ओंजळ कुत्र्यापुढे धरली.

कुत्र्यानं मिस्त्रींकडे पाहिलं. मग एक पंजा दहाव्या पायरीवर ठेवला.

"बाबा," सून म्हणाली, "साफ खोटं सांगत होतात तुम्ही. हा कुठं तुम्हाला नेतो? तुम्हीच आणताय याला."