हळदीतली कावीळ

दचकू नका, तुमच्या कागदावर मी उमटणार नाही. मी शिक्का बोलतोय. रबराचा, लाकडी मुठीचा. माझ्या अंगावर दोनच गोष्टी कोरलेल्या: 'कावीळ' हा शब्द आणि ०७० हा आकडा.

माझा जन्म नगरच्या एका शिक्केवाल्याच्या दुकानात, एकाहत्तर साली. घोडेगावच्या अलीकडच्या आरोग्य केंद्रात तेव्हा आजाराच्या नावाबरोबर त्याचा ठरलेला आकडाही लिहू लागले होते. डॉक्टरांना या आकड्यांचं भारी कौतुक. "कावीळ कुठेही होवो, आकडा एकच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणारा मान डोलवायचा आणि खोकल्याचं औषध मागायचा.

माझा मालक सहादेव. केंद्राचा आरोग्यसेवक. सायकलला पिशवी अडकवून गावोगाव फिरायचा. पिशवीत मी, जांभळ्या शाईचं पॅड आणि कोरे कागद. माणूस फार चांगला, पण कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

त्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावात विहिरीच्या पाण्यानं कावीळ पसरली. डॉक्टरांनी सहादेवला बजावून सांगितलं, "ज्याला कावीळ झाली त्याच्याच कागदावर शिक्का. घरातल्या बाकीच्यांच्या कागदावर पेनानं नुसतं 'संपर्क' लिही. त्यांना झालेली नाही, होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवायचं."

सोपं होतं की नाही? पण माणसांची शिक्क्यावर किती माया असते, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

रतनबाईच्या घरी तिचा मुलगा भिमाजी आजारी होता. डोळे पिवळे, जेवण नकोसं. त्याच्या कागदावर मी झोकात उमटलो. मग रतनबाईचा आणि तिची मुलगी पुष्पावती हिचा कागद पेनानं लिहून झाला. रतनबाईनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"आन् आमाला शिक्का न्हाई व्हय?"

"मावशी, तुमाला कावीळ झाली न्हाई."

"न्हाई झाली म्हून काय झालं? बिनशिक्क्याचा कागद कोन इचारतंय? आमी काय परकी हाव का?"

तेवढ्यात सहादेवपुढे चहा आला, आणि त्याचा सगळा ठामपणा त्या बशीत विरघळला. धप्प, धप्प. रतनबाई खूश झाली. तिन्ही सरकारी कागद तिनं खळ लावून देवाच्या फोटोशेजारी भिंतीवर चिकटवले.

पुढच्याच पंधरवड्यात पुष्पावतीचं लग्न. सहादेवला आवतण होतं. कामावरून तो परस्परच आल्यामुळे मीही हळदीला हजर होतो.

नवऱ्या मुलाची आई आक्काबाई उष्टी हळद घेऊन आली. बरोबर तिचे दीर कारभारी. कारभारी सातवी शिकलेले. भिंतीवर अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी वाचलं: पुष्पावती. खाली मी: कावीळ ०७०. त्यांनी वळून पाटावरच्या नवरीकडे पाहिलं. पोर डोक्यापासून पायापर्यंत पिवळीधमक!

"वहिनी, पोरीला कावीळ हाय!"

"अवो, हळद हाय ती!" रतनबाई ओरडली.

"हळदीखाली काय हाय, कुनाला म्हाईत?"

गाणी थांबली. वाढपी पत्रावळीशी उभेच राहिले. ठरलेलं लग्न मोडतंय की काय, या धास्तीनं रतनबाईनं सहादेवला हाक मारली. सहादेव तसाच उष्ट्या हातानं उठला, सायकलवर टांग मारली आणि डॉक्टरांना मागे बसवून घेऊन आला.

डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं. हिला कावीळ झालेली नाही, भिंतीवरचा शिक्का चुकीचा; भाऊ आजारी म्हणून ही नुसती संपर्कातली. तसं त्यांनी नव्या कागदावर लिहून सहीही केली. कारभारींनी तो कागद उजेडात धरला.

"शिक्का कुठाय?"

डॉक्टरांनी सहादेवकडे पाहिलं. सहादेवनं पिशवीत पाहिलं. केंद्राचा गोल शिक्का केंद्रातच राहिलेला; पिशवीत शिक्का म्हणून मी एकटाच, अंगावर 'कावीळ' घेऊन. खऱ्या कागदाला माझा काडीचा उपयोग नव्हता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पुष्पावती पाटावरून उठली. बायका "अगं, अगं, हळद!" करत राहिल्या. तिनं रांजणातलं पाणी घेऊन खसाखसा तोंड धुतलं आणि निथळत आक्काबाईसमोर येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, कागद ऱ्हाऊ द्या. माझे डोळे बघा."

आक्काबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळे ज्वारीच्या लाहीसारखे पांढरे, आणि पाण्यानं भरलेले.

डॉक्टर मात्र सरळ माणूस. म्हणाले, "आज कावीळ नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. पाणी उकळून प्या, हात धुवा, लक्ष ठेवा."

"ऐकलं का वहिनी?" कारभारी म्हणाले.

आक्काबाईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "ऐकलं. व्हायचीच आसंल तर माझ्या घरी हुईल. सून माझी हाय, मी बघंन तिला. आना ती हळद, फिरून लावा."

पुष्पावतीला कावीळ झालीच नाही. पण लग्नानंतर कितीतरी दिवस आक्काबाई रोज सकाळी तिला दारात उभी करून डोळे तपासायची. पुढे सहादेवच्या पिशवीत 'संपर्क' नावाचा धाकटा शिक्काही आला. त्याला शाई माझ्याहून जास्त लागते.

आता माझ्या कडा झिजल्यात, सातचं शेपूट उमटत नाही. लवकरच मला टाकून देतील, त्याबद्दल तक्रार नाही. जाता जाता एकच विनंती. माझ्यासारखा एखादा कुणाच्या नावाखाली दिसला, तर भिंतीकडे बघून लग्नं मोडू नका. आधी त्या माणसाचं तोंड उजेडाकडे वळवा. आणि आजारी निघालं, तरी आक्काबाईसारखं घरात घ्या.