राखून ठेवलेल्या कॅप्सूल

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर संशोधन करण्यात डॉ. पूर्वीची निम्मी हयात गेली होती. देशोदेशी भाषणं झाली, हाताखाली कितीतरी मुलं पीएच.डी. झाली, आणि आता तसलाच जंतू तिच्या आईच्या पायात निघाला होता.

वरोरच्या किनाऱ्यावर मासळी निवडताना आईच्या, सोनूबाईच्या, पायात शिंगाळ्याचा काटा घुसला, तेव्हा पूर्वीनं मुंबईहून कॅप्सूलचा पुरता कोर्स पाठवला होता. तरी जखम चिघळली. शेवटी पूर्वीनंच पू नेऊन प्रयोगशाळेत तपासला. काचेच्या बशीत औषधाच्या प्रत्येक टिकलीला जंतू खेटून वाढले होते. एकही औषध लागू पडत नव्हतं.

“आई, सगळ्या कॅप्सूल घेतल्या होत्यास ना?”

“सगळ्या कशाला? ठणका थांबला, मग ठेवून दिल्या. शेजारच्या हिरीचा हात कापला, गणूला गळू झालं. फोडून पावडर टाकली त्यांच्या जखमेवर. लेकीनं पाठवलेलं एकटीच खात बसू?”

पूर्वीच्या डोक्यात तिडीक गेली. औषध अर्धवट सोडलं की जंतू त्याला सरावतात, हेच ती परिषदांमधून घसा फोडून सांगत आली होती. पण तिथे बोंबील वाळवणाऱ्या बाया थोड्याच येऊन बसत होत्या?

“आई, पाऊल कापावं लागेल गं,” ती कशीबशी म्हणाली.

सोनूबाईनं उशाखालची डबी काढून लेकीच्या हातात ठेवली.

“रडू नको, बाय. कापल्यावर टाकायला दोन राखून ठेवल्यात.”